रोह्याची एक पाठ, पेणची एक पाठ

पेणला लोक गणपतीच्या मूर्ती बघायला जातात. रोह्याला मुद्दाम कुणी जात नाही, रोह्यावरून पुढे जातात. मी या जानेवारीत दोन्हीकडे गेले ते दोन माणसांच्या पाठी बघायला. घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "लोक कोकणात समुद्र बघतात." मी म्हटलं, "समुद्र कुठे पळून जात नाही. माझी पेशंट पळालीय."

मी भूलतज्ज्ञ आहे. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात फुप्फुसांच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देते. भूल देणारा डॉक्टर म्हणजे सुई टोचून झाल्यावर डुलक्या काढणारा माणूस, असा समज आमच्या नातेवाइकांतही आहे. खरं काम पेशंट जागा झाल्यावर सुरू होतं. फुप्फुसाचं ऑपरेशन म्हणजे बरगड्या फाकवून आत शिरायचं. हात मोडला तर प्लास्टर घालून तो स्वस्थ ठेवता येतो, पण बरगड्यांना सुट्टी नसते, प्रत्येक श्वासाला त्या हलतातच. दुखतं म्हणून माणूस श्वास आखडता घेतो, खोकायचं टाळतो, कफ आत साचतो, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही न्यूमोनिया गाठतो. म्हणून आम्ही पाठीत इंजेक्शन देऊन बरगड्यांच्या नसा बधिर करतो.

ते इंजेक्शन नेमकं कुठे द्यायचं यावर आमच्यात वाद आहे. जुन्या पद्धतीत सुई कण्याच्या शेजारी खोलवर न्यायची आणि नसा जिथून बाहेर पडतात तिथेच औषध सोडायचं. ही खात्रीची, पण सुईच्या टोकापासून फुप्फुसाचं आवरण हाकेवर असतं, त्यामुळे हात जपून चालवावा लागतो. नवी पद्धत सोपी. पाठीच्या लांब स्नायूंच्या खाली, वरच्यावरच औषध सोडायचं आणि ते झिरपत नसांपर्यंत पोचेल अशी आशा धरायची. (आशा हा शब्द माझा. नव्या पद्धतीचे भक्त तो वापरत नाहीत.) आम्ही पेशंटची संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकून, काहींना ही आणि काहींना ती पद्धत दिली आणि दोन्हींची तुलना करायला घेतली.

आता कुणाला किती दुखलं हे मोजायचं कसं? पाठीतल्या इंजेक्शनचा असर दुसऱ्या दिवशी उतरतो. तेव्हासाठी पेशंटच्या उशाशी एक छोटा पंप असतो, त्याला वायर आणि वायरच्या टोकाला बटण. दुखलं की पेशंटनं स्वतःच बटण दाबायचं, मापाचं औषध शिरेत जातं. लगेच पुन्हा दाबलं तर पंप काही देत नाही. पुढचा डोस तयार झाला की हिरवा दिवा लागतो. कुणी किती वेळा दाबलं याची मोजदाद पंपच ठेवतो. कमी दाबलं म्हणजे कमी दुखलं, इतका सरळ हिशेब.

रोह्याच्या दत्तारामभाऊंना जुनी पद्धत मिळाली. त्यांनी बटण असं काही दाबलं की पंपालाच धाप लागायची वेळ आली. पेणजवळच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, सगुणाबाईंना नवी मिळाली. त्यांनी बटणाला बोट लावलं नाही. आमच्या विभागात नव्या पद्धतीचा जयजयकार झाला आणि मी, जुन्या पद्धतीची माणूस, मुकाट्यानं चहा पीत बसले.

पण सगुणाबाईंच्या दोन्ही फुप्फुसांत पाण्यानं भरलेल्या गाठी होत्या. उजवीकडची मोठी गाठ गणपतीनंतर काढली. डावीकडची दिवाळीच्या आसपास काढायची ठरली होती. ही गाठ आपोआप जिरत नाही, वाढत राहते, आणि छातीतच फुटली तर जिवावर बेतू शकतं. दिवाळी गेली, त्या आल्या नाहीत. फोन केला तर नवरा म्हणाला, मिठाचं काम सुरू झालंय. पुन्हा केला तर घरात लगीन हाय. मग फोन लागेचना. सर्जन म्हणाले, घाबरली असेल बाई. कशाला घाबरली असेल? जिला सगळ्यात कमी दुखलं तीच परत येत नव्हती, हे माझ्या डोक्यात बसेना. मी रजा टाकली.

रोहा

गाडी रोह्यापर्यंत जाते, म्हणून आधी रोहा करायचं ठरवलं. शिवाय दत्तारामभाऊ फोनवर म्हणाले होते, "म्याडम, पोपटीचे दिवस हायत. पाठ बघा आणि पोपटी खाऊन जा." पाठीला जोडून जेवणाचं आमंत्रण मला नोकरीत पहिल्यांदाच मिळत होतं.

ते स्टेशनावर स्कूटर घेऊन उभे होते. फुप्फुसाचा तुकडा काढलेल्या माणसानं डॉक्टरला स्कूटरवर मागे बसवून न्यावं का, यावर आमचा स्टेशनाबाहेरच वाद झाला. मी हरले. कुंडलिका नदीचा पूल ओलांडताना वारा बोचत होता आणि भाऊ मान मागे वळवून मला प्रत्येक वळणाची माहिती देत होते. मी त्यांना पुढे बघायला सांगत होते. तेवढाच आमचा संवाद झाला.

दत्तारामभाऊ पन्नाशीचे. एका कंपनीत पॅनेल ऑपरेटर, म्हणजे दिवे, काटे आणि कळा यांच्यासमोर बसून शिफ्ट काढायची. लहानपणीच्या क्षयानं फुप्फुसाचा एक तुकडा निकामी झाला होता, त्यातून रक्त पडायला लागलं म्हणून तो काढला. घरी पोचल्या पोचल्या त्यांनी पडवीत शर्ट काढला आणि पाठ माझ्यापुढे केली. जखम छान भरली होती. छातीखाली मात्र तळहाताएवढा भाग अजून बधिर होता. "हितं मुंगी चावली तरी पत्ता लागत नाय," ते म्हणाले. हे बहुतेकांना होतं, सावकाश कमी होतं, असं मी सांगितलं. त्यांच्या बायको सुमनवहिनी म्हणाल्या, "असू दे. चिमटा काढला तरी बोंबलणार नाहीत, तेवढंच बरं."

परसात पोपटीची तयारी झाली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात. वर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा आणि जाडं मीठ. पुन्हा पाला दाबून मडक्याचं तोंड बंद करतात, मडकं जमिनीवर उलटं ठेवतात आणि चहूबाजूंनी काटक्या-पेंढा पेटवतात. पाण्याचा एक थेंब नाही. आमच्या बार्शीकडे थंडीत हुरडा असतो, आणि हुरड्यापुढे जगात काही नाही असं मी जन्मापासून मानत आलेय. म्हणून जरा आढ्यतेनंच बसले होते. मडकं फोडल्यावर ओव्याचा आणि त्या रानपाल्याचा जो वास आला, त्यानं आढ्यता अर्धी उतरली. घाईनं शेंग सोलायला गेले आणि आतल्या वाफेनं बोट पोळलं. दुसऱ्यांच्या वेदनांवर काम करणारी मी बोट तोंडात घालून परसभर नाचले. सुमनवहिनींनी खोबरेल आणलं. त्यानंतर मी हुरड्याचं नावही काढलं नाही.

पोटात चार घास गेल्यावर मी विषय काढला. "भाऊ, तुम्हाला ऑपरेशननंतर फार दुखलं ना? मला त्याचं वाईट वाटत राहिलंय."

"मला?" शेंग त्यांच्या हातातच राहिली. "नाय हो. कोण बोललं?"

"दुखतंय कुठचं?" सुमनवहिनी म्हणाल्या. "नुसत्या झोपा काढल्या. झोपा आणि ओकाऱ्या."

"मग बटण एवढं का दाबलंत?"

"दिवा लागायचा ना!" भाऊ म्हणाले, जणू हे शेंबड्या पोरालाही कळावं. "हिरवा दिवा लागला की दाबायचा. आमच्या पॅनेलला पण तसंच हाय. दिवा लागला, कळ दाबली, दिवा गेला. लागलेला दिवा तसाच सोडला तर पुढच्या शिफ्टवाला शिव्या घालतो. आणि तुमच्याकडं तर भिंतीवर पाटीच होती, कळ दाबावी म्हणून."

"डोळा लागलेला असला तरी मधीच उठून दाबायचे," वहिनी म्हणाल्या. "मी बोलले, अहो, राहू द्या की. तर बोलतात, तुला नाय समजत, ड्यूटी हाय."

आम्ही तिघंही इतके हसलो की भाऊंना छातीवर हात ठेवून बसावं लागलं. हसू ओसरल्यावर मात्र मला कसंतरी झालं. ज्याला आम्ही या माणसाचं दुखणं समजलो होतो ती त्याची ड्यूटी होती. त्याच्या पाठीतलं इंजेक्शन उत्तम चाललं होतं. त्याला गुंगी आणि ओकाऱ्या होत होत्या त्या नको असलेल्या औषधानं.

त्या पाटीचीही गोष्ट सांगायला हवी. रुग्णालयात मराठी भाषेचा पंधरवडा साजरा झाला तेव्हा कार्यालयातल्या कुणा हौशी माणसानं इंग्रजी सूचना काढून मराठी पाट्या लावल्या. पंपाच्या वरच्या भिंतीवरच्या पाटीत बटण हा शब्द त्याला चालेना. त्यानं लिहिलं, "कळ आल्यास कळ दाबावी." पहिली कळ दुखण्याची, दुसरी बटणाची. वॉर्डातल्या सिस्टर प्रत्येक पेशंटला ती मोठ्यानं वाचून दाखवत. उखाण्यासारखी जमलीय म्हणून आम्हा सगळ्यांना आवडायची.

पेण

सकाळच्या गाडीनं परत फिरले. निडी, नागोठणं, कासू अशी स्टेशनं मागे पडली आणि पेणला उतरले. भाऊंनी सोडताना बजावलं होतं, पेणला गेलात तर पोह्याचे पापड घेतल्याशिवाय येऊ नका, म्हणून आधी बाजारात गेले. गल्ल्यांतून जाताना कारखान्यांत रंग न दिलेले गणपती ओळीनं उभे होते, जानेवारीतच. आमच्याकडे गणपती येतो तो पाटावर बसून, सजून. इथे तो उघड्यावर, पांढराफटक, शेजारच्या गणपतीला कोपर लावून उभा होता आणि दोन कारागीर त्याच्या पायाशी बसून डबा खात होते. मला ते फार आवडलं.

पापडवालीनं विचारलं, "कुठं जायचंय, बाय?" मी खारेपाटातल्या गावाचं नाव सांगितलं. "सोमवारच्या दिवशी? मासळी खाता का?" मी हो म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. तिथे जाऊन मासळी न खाणाऱ्याची काळजी तिलाच जास्त होती.

सहा आसनी रिक्षाला इथे मिनीडोअर म्हणतात, आणि सहा आसनी हा शब्द कुणी मनावर घेत नाही. मांडीवर कुणाची तरी भाजीची पिशवी घेऊन मी खाडीकडे निघाले. डांबरी रस्ता संपला तिथे उतरले. पुढे बांधावरून चालत जायचं. एका बाजूला कापणी झालेली भातशेतं, दुसऱ्या बाजूला मिठागर. उथळ वाफ्यांत खाडीचं पाणी अडवून उन्हात आटवतात आणि तळाशी धरलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीनं कडेला ओढतात. बायका-पुरुष वाकून ओढत होते, आणि कडेला मिठाचे ढीग उन्हात चमकत होते. फळी ओढताना पाठीचा आणि बरगड्यांचा एकूणएक स्नायू लागतो हे माझ्या धंदेवाईक नजरेला लगेच दिसलं. सगुणाबाई ऑपरेशनच्या आधी हेच काम करत होत्या.

ते बघत चालताना बांधावरून पाय घसरला. वरून वाळलेला दिसणारा चिखल आत लोण्यासारखा मऊ होता. पोटरीपर्यंत रुतले. पाय निघाला, चप्पल राहिली. मी हात घालून ती उपसली तेव्हा कोपरापर्यंत काळी झाले होते. अशा अवतारानं घरासमोर उभी राहिले तर अंगणात सुकट निवडणारी एक बाई मला आपादमस्तक बघून म्हणाली, "चिंबोऱ्या धरायला आलाव का?"

मी म्हटलं, "नाही हो, खेकडे नकोत. मी सगुणाबाईंची डॉक्टर."

"अगो बाय!" ती सूप टाकून उठली. ही सगुणाबाईंची जाऊ, पार्वती. तिनं हंड्यातलं पाणी ओतून माझे पाय धुवायला घेतले, मी नको नको म्हणत असताना धुतलेही, आणि आत बघून ओरडली, "सगुणा गो! तुझी डॉक्टरीण आली. चिखलातनं आली बघ."

खारेपाट

सगुणाबाई दारात आल्या. पंचेचाळिशीच्या, उंच, काटक. माझ्याकडे बघून हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. उजवं कोपर बरगड्यांवर दाबून धरलेलं होतं. ऑपरेशनला इतके महिने झाल्यावर असं उभं राहायची गरज नसते. "बसा, बाय," त्या म्हणाल्या. "जेवल्याबिगर जायचं नाय."

बोलणं टाळायचा हा आपल्याकडचा सर्वांत सभ्य मार्ग. मला तो ओळखीचा आहे, माझी आईसुद्धा अवघड पाहुण्याला आधी जेवायलाच बसवते. त्या दिवशी गावच्या तळ्यातला जिताडा मिळाला होता. खारेपाटात जिताडा म्हणजे मानाचा मासा, जावयाला करतात. पार्वतीनं त्याचं आंबट कालवण केलं आणि तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मी ज्वारीच्या मुलखातली. मऊसूत पांढरी भाकरी मला भाकरी वाटतच नाही, पण त्या कालवणात बुडवल्यावर तिच्याबद्दलचं माझं मत बदललं. जेवताना सगळ्या विषयांवर गप्पा झाल्या. मिठाला यंदा ऊन चांगलं मिळतंय. लगीन झालं, नवरी नागोठण्याची. नवरा मिठागरावर गेलाय, तिन्हीसांजेला येईल. ऑपरेशन हा शब्द कुणी काढला नाही.

जेवताना सगुणाबाईंना ठसका लागला. त्या झटकन भिंतीकडे वळल्या, पदराचा बोळा तोंडात कोंबला, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी उजवी बाजू दाबून धरली. खोकला आला तो आवाज न करताच आला. मी शेकडो माणसांना ऑपरेशननंतर खोकताना पाहिलंय. असं खोकताना कुणाला पाहिलं नव्हतं.

"ही अशीच," पार्वती म्हणाली. "इस्पितळातनं आली तवापासून. ती व्हय पण बोलत नाय, नाय पण बोलत नाय. तुम्हीच काय ते इचारा."

हात धुऊन झाल्यावर मी आतल्या खोलीत सगुणाबाईंची पाठ पाहिली. व्रण स्वच्छ होता. मोठा श्वास घ्या म्हटलं तर अर्ध्यावरच थांबल्या.

"दुखतं?"

"आता नाय. सवय झाली धरून ठेवायची."

"आणि तेव्हा? ऑपरेशननंतर?"

त्या पदर सारखा करायला लागल्या. मी म्हटलं, "सगुणाबाई, तुम्हाला तर काहीच त्रास झाला नव्हता. पंपाचं बटण तुम्ही एकदाही दाबलं नाही. म्हणून मला समजत नाही, तुम्ही येत का नाही."

"कंचं बटण?"

"वायरीला होतं ते. पांढरं."

"ते? ते उशीला बांधलेलं. ते सिस्टरीला हाक मारायचं ना? मी कशाला हाक मारू? तिला कामं काय थोडी हायत?"

"अहो, ते दुखलं की दाबायचं होतं. वर पाटी होती बघा."

"पाटी वाचली ना मी. सातवी शिकलंय." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "कळ आली की कळ दाबायची. सिस्टर पण तेच बोलली, कळ दाबा, कळ दाबा. मग दाबली ना. रातभर दाबली, दिवसभर दाबली." आणि त्यांनी मला करून दाखवलं. पदर तोंडात, हात बरगडीवर, डोळे मिटलेले.

उखाण्यासारखी जमलेली ती पाटी डोळ्यांपुढे आली. दोन्ही कळा या बाईनं एकच वाचल्या होत्या, आणि तसं वाचण्यात तिची काही चूक नव्हती. दुखणं दाबून टाक, असं भिंतीवर लिहून आम्ही तिच्या उशाशी टांगलं होतं. तिनं ते इमानानं पाळलं. वायरीच्या टोकाचं औषध हाताशी असताना, नव्या पद्धतीचा असर उतरल्यावर ती फाकवलेल्या बरगड्या घेऊन नुसती पडून राहिली होती. मला राग आला, पाटीचा, पंपाचा, आमच्या त्या जयजयकाराचा.

"कुणाला सांगितलं का नाहीत? सकाळी डॉक्टर विचारायचे ना?"

"इचारायचे. पहिल्या सकाळी मी सांगणारच होते. तवाच तुमचे मोठे डॉक्टर पोरं-पोरी घेऊन आले. माझ्याकडं बोट दाखवून बोलले, बघा, या बाईला काहीच त्रास नाय. शाब्बास, मावशी. सगळी माझ्याकडं बघून हसली." त्या जमिनीकडे बघत होत्या. "शाब्बास बोलल्यावर कसं सांगायचं? मला वाटलं, सगळ्यांना एवढंच दुखत असंल. नवं इंजेक्शन एवढं चांगलं, सगळे बोलतात. मग माझ्यातच कायतरी कमी हाय. चांगल्या इंजेक्शनवर मला एवढं झालं, तर दुसऱ्या टायमाला माझ्यानं नाय व्हायचं, बाय. लोकांपुढं किंचाळले तर? त्यापरास गाठ राहू दे."

दाराशी पार्वती उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "अगो, मला तरी सांगायचंस." आणि तिथेच खाली बसली.

मी सगुणाबाईंचा हात धरला. म्हटलं, "तुमच्यात काही कमी नाही. तुम्ही जे सोसलंत त्यावर औषध होतं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही, कारण आमचे शब्द फसले. मी असते ना तुमच्या जागी, तर अख्खा मजला डोक्यावर घेतला असता. काल शेंगेच्या वाफेनं बोट पोळलं तर मी लोकांच्या परसात नाचले."

त्यांनी माझं बोट बघितलं. फोड आला होता. त्या हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. आधी आवाज नव्हता, पदर पुन्हा तोंडात गेला होता. मग पार्वतीनं जवळ येऊन त्यांच्या तोंडातला पदर ओढून काढला आणि म्हणाली, "रड गो. मोठ्यानं रड." त्या मोठ्यानं रडल्या. मीही रडले. पेशंटसमोर रडू नये असं आम्हाला शिकवलेलं असतं, पण शिकवणारे मुंबईत होते.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "परत केलं तर दुखणार नाय?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "दुखेल. आधीएवढं नाही, पण दुखेल. दुखलं की तुम्ही सांगायचं, मग आम्ही काहीतरी करू. पुन्हा दुखलं तर पुन्हा सांगायचं."

"सांगितलं तर चालतं?"

"सांगायचंच असतं. आम्हाला पगार त्याचाच मिळतो."

यावर त्या हो म्हणाल्या नाहीत. मिठाचं बघून कळवते म्हणाल्या. हे वाक्य मी फोनवर ऐकलेलं होतं, त्यामुळे माझा चेहरा पडला असणार. निघताना पार्वतीनं सुकटीची पुडी हातात दिली आणि बांध संपेपर्यंत माझ्या कोपराला धरून चालली, चिखलातली माझी कीर्ती तिला ठाऊक होती. सगुणाबाई दारातच उभ्या राहिल्या. मी वळून पाहिलं तेव्हा कोपर अजून बरगडीवर होतं.

परत आल्यावर

मुंबईला आल्यावर मी पहिल्यांदा पाटी उतरवली. आमच्या विभागाच्या मोठ्या सरांना, सगुणाबाईंना शाब्बास म्हणणारे ते हेच, दोन्ही पाठींची हकिकत सांगितली. सर आधी हसले, दिव्याच्या गोष्टीला. मग सगुणाबाईंचं ऐकलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. एकाचं दाबणं दुखण्यासाठी नव्हतं आणि दुसरीचं न दाबणं सुखाचं नव्हतं, तेव्हा त्या दोघांची मोजदाद आम्ही तुलनेतून काढून टाकली, आणि बाकीच्या पेशंटना घरी फोन करून पुन्हा विचारायला सुरुवात केली. दोन पद्धतींत कोणती सरस हे मला आज सांगता येत नाही. जुनी, असं माझं मन म्हणतं, पण माझं मन आधीपासून तेच म्हणतंय, त्याला काय विचारायचं?

फेब्रुवारी उलटायच्या आत सगुणाबाई आल्या. आधी फोन नाही, निरोप नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभागात बाकावर नवऱ्याशेजारी बसलेल्या दिसल्या. मला बघून नुसती मान हलवली. तपासण्या झाल्या, गाठ वाढलेली होती पण शाबूत होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पंप घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसले. एक शब्दही न समजावता बटण त्यांच्या मुठीत ठेवलं, अंगठा धरून दाबून दाखवलं, मग त्यांना दाबायला लावलं. "या टायमाला इंजेक्शन कंचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खोलवरचं. त्या म्हणाल्या, "नीट द्या."

नीट दिलं. सर्जननं गाठ अखंड बाहेर काढली. तो दिवस त्यांना बरा गेला. दुसऱ्या दिवशी असर उतरायला लागला, आणि व्यायाम करवणाऱ्या मुलीनं त्यांना उठवून बसवलं, मोठा श्वास घेऊन खोकायला सांगितलं. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका पेशंटची नाडी बघत होते. तेवढ्यात सगळा वॉर्ड दचकेल असा आवाज आला. मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर मारतात तशी हाक.

"डॉक्टरीणबाय! दुखतंय गो! बटण दाबलं तरी दुखतंय!"

सिस्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या. मी हातातला हात सोडला आणि भर वॉर्डातून, हसत, पळत सुटले.